एल्कच्या शिकारीची रायफल: निवड, झिरो आणि पहिली गोळी

पूर्ण वाढलेला नर एल्क साधारण ३०० ते ३५० किलोंचा असतो. सांबराच्याच कुळातला, पण त्याहून थोराड. खांद्याचं हाड जाड, फासळ्यांवर मांसाचा थर आणि अंगात इतकी ताकद की दोन्ही फुफ्फुसांतून गोळी गेली तरी पन्नास-शंभर यार्ड पळून मग कोसळतो. रायफल कोणती घ्यायची, याचा विचार या जनावरापासून सुरू करायचा. दुकानातल्या काचेपासून नाही.

आधी कायद्याचं. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली शिकार बंद आहे, त्यामुळे इथलं सगळं अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यापुरतं आहे. तिथे १ जानेवारी १९४९ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला शिकारीचा परवाना काढण्याआधी हंटर एज्युकेशनचा कोर्स करावा लागतो. आपल्या बऱ्याच लोकांना एक गोष्ट माहीत नसते: एच-१बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असताना बंदूक विकत घेणंच काय, हातात घेणंही फेडरल कायद्याने गुन्हा ठरू शकतं. त्याला जे थोडे अपवाद आहेत, त्यातला एक म्हणजे अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याचा चालू शिकार परवाना. म्हणून आधी कोर्स, मग परवाना, मग दुकान. ग्रीनकार्डवाल्यांना ही अट नाही. दुकानात बंदूक खरेदीचा फेडरल फॉर्म ४४७३ भरताना एकही चुकीचं उत्तर देऊ नका. कोलोरॅडोत रायफल हातात पडायला किमान ३ दिवस थांबावं लागतं.

कॅलिबर: खांद्याला पेलेल तेवढंच

कोलोरॅडोत एल्कसाठी किमान .२४ कॅलिबर (गोळीची जाडी, इंचात), ८५ ग्रेनची (ग्रेन हे वजनाचं माप) आणि लागल्यावर फुलणारी गोळी, आणि १०० यार्डांवर १००० फूट-पाउंड ऊर्जा लागते. कायद्याचा हा उंबरठा आहे, एल्कसाठी पुरेसं माप नव्हे. .२७० विंचेस्टर, .३०८ विंचेस्टर, .३०-०६ आणि ७ एमएम रेमिंग्टन मॅग्नम, या चारांपैकी कोणतंही पुरतं. पहिल्याच रायफलीसाठी आमचं मत .३०-०६ला. १९०६ सालचं काडतूस आहे, गावोगावच्या दुकानात मिळतं आणि १६५ किंवा १८० ग्रेनच्या गोळीने एल्क नीट पडतो. ६.५ क्रीडमूर चालतं, पण चुकीला वाव कमी राहतो, म्हणून अडीचशे यार्डांच्या आतच वापरा.

.३०० विंचेस्टर मॅग्नमचा मोह पुष्कळांना होतो. त्याचा धक्का .३०-०६पेक्षा जवळजवळ तीस टक्के जास्त असतो. नवख्या माणसाचा खांदा चार गोळ्यांत दुखतो, पाचव्या गोळीला डोळे आपोआप मिटतात आणि चाप ओढण्याऐवजी झटकला जातो. मोठ्या काडतुसाची गोळी पोटात बसली तर जनावर तडफडत मैलभर जातं. लहान काडतुसाची गोळी फुफ्फुसात बसली तर ते तिथेच आसपास सापडतं.

धक्क्याच्या भीतीने आधीच दचकण्याची ही सवय लागली आहे का, हे पाहायची सोपी परीक्षा आहे. सोबत्याला रायफल भरायला सांगा: कधी खरं काडतूस, कधी खोटं, तुम्हाला न दाखवता. खोट्या काडतुसावर नळीचं तोंड खाली झुकलं, तर मॅग्नम विसरा आणि घरी रिकाम्या रायफलीवर रोज वीस वेळा चाप ओढायचा सराव करा. त्या खोलीत एकही काडतूस ठेवायचं नाही.

रायफल बोल्ट अ‍ॅक्शन, म्हणजे दर गोळीला हाताने बोल्ट ओढून भरायची, नळी २२ ते २४ इंच, स्कोपसकट (नेम धरायच्या दुर्बिणीसकट) वजन साडेतीन ते चार किलो. याहून हलकी रायफल डोंगर चढताना आवडते, पण झाडताना खांद्याचा अंत पाहते.

गोळीवर मात्र पैसे वाचवू नका. साध्या शिशाच्या गोळीचं तांब्याचं कवच जवळच्या अंतरावर खांद्याच्या हाडाला लागून सुटतं, गोळीचे तुकडे होतात आणि ती आत पोचत नाही. बाँडेड (कवच शिशाला सांधलेली) गोळी, नॉस्लर पार्टिशन (मध्ये पडदा असलेली) किंवा बार्न्स टीएसएक्ससारखी अख्ख्या तांब्याची गोळी घ्या. तांब्याच्या गोळीने मांसात शिशाचे कण राहत नाहीत. घरी लहान मुलं ते मांस खाणार असतील तर तीच घ्या. एकाच लॉटच्या किमान तीन पेट्या (६० काडतुसं) एकदमच घ्या, कारण गोळी बदलली की ती लागण्याची जागाही बदलते. काडतुसाच्या बुडावरचा शिक्का नळीवरच्या शिक्क्याशी दर वेळी ताडून पाहा.

झिरो

झिरो म्हणजे ठरावीक अंतरावर क्रॉसहेअर जिथे, तिथेच गोळी लागेल असा स्कोप जुळवणं. स्कोप ३-९x४० (३ ते ९ पट मोठं दाखवणारा, पुढची काच ४० मिमी) पुरे. डोळा आणि काच यांत साडेतीन इंच अंतर राहील असा बसवा. कमी ठेवलात तर धक्क्याने स्कोपची कड भुवईवर बसते. रिंगांचे स्क्रू टॉर्क पान्याने १५ ते १८ इंच-पाउंड आवळा, एकेक करून, तिरक्या क्रमाने. हाताच्या अंदाजाने आवळले तर स्कोपची नळी चेपते, नाहीतर दहाव्या गोळीला स्क्रू ढिले होतात.

पहिली गोळी २५ यार्डांवर. बोल्ट काढा, वाळूच्या पिशव्यांवर रायफल स्थिर ठेवा, नळीतून पाहत निशाणाचा मध्य गाठा आणि रायफल न हलवता क्रॉसहेअर त्याच मध्यावर आणा. मग बोल्ट घालून एक गोळी झाडा. बहुतेक स्कोपांवर एक क्लिक म्हणजे १०० यार्डांवर पाव इंच, म्हणजे २५ यार्डांवर इंचाचा सोळावा भाग. गोळी २ इंच खाली आणि १ इंच उजवीकडे लागली, तर ३२ क्लिक वर, १६ क्लिक डावीकडे. नवखे इथेच फसतात: १०० यार्डांचा हिशोब २५ला लावतात, ८ क्लिक फिरवतात आणि स्कोप बिघडलाय असं ठरवून मोकळे होतात.

आता १०० यार्ड. तीन गोळ्यांचा झुबका पाहायचा, एकेका गोळीमागे धावायचं नाही. पिशवी दस्त्याच्या पुढच्या लाकडाखाली ठेवा, नळीखाली कधीच नको. दोन झुबक्यांमध्ये नळी हाताला गार लागेपर्यंत थांबा. झुबका मध्यापेक्षा पावणेदोन ते दोन इंच वर आणला की १६५ ग्रेनच्या .३०-०६चा झिरो २०० यार्डांवर बसतो. तिथून ३०० यार्डांवर गोळी सुमारे ८ इंच खाली जाते, ४००वर जवळजवळ २ फूट. ताशी १० मैलांचा आडवा वारा ३०० यार्डांवर तिला सहा-सात इंच ढकलतो. २०० यार्डांवर स्वतः झाडून खात्री करा. झुबका विस्कटत असेल तर आधी स्क्रू तपासा, मग स्वतःला, गोळीला दोष शेवटी द्या.

बाकावरून नेम बसला म्हणजे रानात बसेल असं नाही. बसून, गुडघ्यावर, काठ्यांच्या टेकूवर असा सराव करा. ८ इंचांची कागदी थाळी लावा. ज्या अंतरावर पाचपैकी पाच गोळ्या थाळीत जातात, ती तुमची मर्यादा. ती १८० यार्ड निघाली तर १८०. समोर कितीही देखणा एल्क उभा असला तरी.

रानात

शिकार ८,००० ते ११,००० फुटांवर होते. ज्यांच्या गावाची उंची कमी आहे त्यांनी दोन-तीन दिवस आधी पोचावं. हंगामात कमरेच्या वर ५०० चौरस इंच झगझगीत नारिंगी किंवा गुलाबी कापड आणि त्याच रंगाची टोपी सक्तीची आहे. आतून लोकरीचे कपडे घाला. सुती कापड घामाने भिजलं की वाळत नाही आणि थंडी हाडात शिरते. १०x४२ची दुर्बीण, अंतर मोजायचं यंत्र, डोक्याचा दिवा आणि एक जादा बॅटरी घ्या. सरकारी आणि खासगी जमिनीच्या हद्दी दाखवणारा नकाशा ऑफलाइन उतरवून ठेवा, कारण डोंगरात फोनला रेंज नसते.

थंडीत बोल्टमधलं घट्ट तेल गोठतं आणि फायरिंग पिन जोराने आपटत नाही, म्हणून निघण्याआधी बोल्ट पुसून कोरडा करा. रात्री रायफल गरम तंबूत आणू नका, काचेवर आणि लोखंडावर दव धरतं. थंड गाडीत कुलूपबंद राहू द्या, चेंबर आणि मॅगझिन दोन्ही रिकामी. नळीच्या तोंडावर इलेक्ट्रिकल टेपचा एक तुकडा चिकटवा. आत बर्फ किंवा चिखल गेला तर नळी फुटू शकते. गोळी टेपमधून सरळ निघून जाते, नेमाला फरक पडत नाही.

एल्क आडवा उभा असेल तेव्हाच झाडायचं. पुढच्या पायाच्या मागच्या कडेने वर जा, छातीच्या तळापासून एक तृतीयांश उंचीवर थांबा. तिथे फुफ्फुसं आणि हृदयाचा वरचा भाग एकत्र येतात. किंचित पाठमोरा असेल तर पलीकडच्या खांद्यातून गोळी बाहेर निघेल असा नेम धरा. तोंड आपल्याकडे असेल, पूर्ण पाठ असेल किंवा मागे दुसरं जनावर असेल, तर चापाला बोट लावू नका.

गोळी सुटताच बोल्ट ओढून पुढचं काडतूस भरा आणि नजर त्याच्यावरच ठेवा. तो जिथे उभा होता त्या जागेचा खुणेच्या झाडासकट फोटो काढा. पन्नास पावलं चाललात की सगळा उतार सारखा दिसायला लागतो. अर्धा तास थांबा. मग त्या जागी जाऊन रक्त पाहा. गुलाबी, फेसाळ रक्त फुफ्फुसाचं. काळपट असेल तर गोळी यकृताला लागलीय, दोन-तीन तास थांबा. हिरवट आणि वास येणारं असेल तर गोळी पोटात आहे: किमान सहा तास माग काढू नका. लगेच मागे लागलात तर तो उठून दूर जातो आणि हाती लागत नाही. शेवटचा थेंब दिसला तिथे नारिंगी फीत बांधत पुढे सरका. पडलेल्या एल्ककडे पाठीच्या बाजूने जा, काठीने डोळ्याला स्पर्श करा. पापणी हलली नाही तर मग बंदूक रिकामी करून सुरी काढा.

परवान्याचा टॅग लगेच भरा आणि नर-मादी ओळखण्याचा अवयव मांसाला जोडलेलाच राहू द्या. पहिला घाव मागच्या मांडीच्या खुब्याकडे. एल्कचे केस पोकळ असतात, ऊब धरून ठेवतात आणि खुब्याजवळचं मांस सगळ्यात आधी आंबतं. कातडं उतरवा, चारही पाय वेगळे करा, मानेचं आणि पाठीचं मांस काढून घ्या. हवा खेळणाऱ्या कापडी पिशव्या किमान पाच लागतात. प्लास्टिक नको. मेंदू आणि मणका कापू नका: कोलोरॅडोतल्या हरणांत आणि एल्कमध्ये सीडब्ल्यूडी हा मेंदूचा रोग आहे, डोक्याचा नमुना तपासायला द्या आणि निकाल येईपर्यंत मांस खाऊ नका. मागचा एक पाय हाडासकट पंचवीस-तीस किलो भरतो. एकट्याला चार-पाच फेऱ्या पडतात. गाडीपासून दोन किलोमीटरच्या पलीकडे उभा असलेला एल्क सोबत माणूस नसेल तर सोडून द्या.