१०२४ वर अडकलेला मॉनिटर

सातपूर एमआयडीसीत मामांच्या वर्कशॉपमध्ये उबुंटू २२.०४ या लिनक्स सिस्टिमचा डेस्कटॉप आहे. त्याला एचडीएमआय-व्हीजीए कन्व्हर्टरने जुना एलसीडी मॉनिटर जोडला, पण चित्र १०२४ बाय ७६८ च्या वर जाईना. ड्रॉइंगवरची मापं वाचताच येत नव्हती आणि सेटिंग्जच्या यादीत १९२० बाय १०८० नव्हतंच.

कारण ईडीआयडी, म्हणजे मॉनिटरची स्वतःबद्दलची माहिती. आपल्याला कोणतं रिझोल्यूशन चालतं हे मॉनिटर केबलच्या ठरावीक पिनांवरून कॉम्प्युटरला कळवतो. कन्व्हर्टर किंवा केबलमध्ये ती माहिती अडली की सिस्टिम खात्रीचं, लहान रिझोल्यूशन धरते. म्हणून आधी दुसरी केबल लावून बघाच.

आमच्याकडे त्याने फरक पडला नाही, मग मोड, म्हणजे रिझोल्यूशन आणि त्याचं टायमिंग, हाताने दिला. लॉगिनच्या वेळी गिअरच्या चिन्हातून 'उबुंटू ऑन झॉर्ग' निवडलं, कारण वेलँड या नव्या डिस्प्ले सिस्टिमवर एक्सरँडर कमांडने नवा मोड जोडता येत नाही. सीव्हीटी कमांडने नेहमीसारखी मोडलाइन (मोडचे आकडे असलेली ओळ) काढली तर पिक्सेल क्लॉक, म्हणजे पिक्सेल पाठवण्याचा वेग, १७३ मेगाहर्ट्झ येतो. जुन्या एचडीएमआयची मर्यादा १६५, त्यामुळे स्क्रीन काळीच! सगळी मेख इथे आहे. सीव्हीटीला 'आर' हा पर्याय, म्हणजे रिड्यूस्ड ब्लँकिंग (चित्राच्या ओळींमधला रिकामा वेळ कमी करणं), दिला की तोच आकडा १३८.५ वर उतरतो. ती ओळ एक्सरँडरच्या न्यूमोडला दिली, ॲडमोडने पोर्टला जोडली, मग तो मोड निवडला. अक्षरं लख्ख दिसू लागली.

पुन्हा लॉगिन केल्यावर हे सगळं जातं. त्याच ओळी होम फोल्डरमधल्या डॉट एक्सप्रोफाइल फाइलमध्ये लिहून ठेवा.