आयटी सपोर्टवाला बदलताय? या चुका टाळा

वागळे इस्टेट असो, तुर्भे असो की महापे, छोट्या कंपनीत आयटी सपोर्ट बदलताना गाडी एकाच जागी अडकते. मालक चिडतो, व्हेंडरला (म्हणजे सपोर्टवाल्याला) एएमसी, म्हणजे वार्षिक देखभालीचा करार, बंद केल्याचा मेल टाकतो आणि कुठला पासवर्ड कुणाकडे आहे याचा शोध त्यानंतर सुरू होतो. खरं तर सगळं हातात आल्यावर नोटीस द्यायची. हा एक क्रम पाळला तरी निम्मा त्रास वाचतो.

डोमेन व्हेंडरच्या नावावर राहू देणं

ही चूक सगळ्यात महागात पडते आणि सगळ्यात जास्त होते. वागळे इस्टेटमधल्या १८ माणसांच्या एका फॅब्रिकेशन कंपनीचंच बघा. डोमेन, म्हणजे कंपनीच्या वेबसाइटचं आणि मेलचं नाव, घेताना व्हेंडरच्या इंजिनियरने ते स्वतःच्या खात्यातून घेऊन दिलं होतं. दरवर्षी बिलात ‘डोमेन रिन्युअल’ अशी एक ओळ यायची आणि अकाउंट्सवाले ती पास करायचे. पैसे आपण भरतो म्हणजे डोमेन आपलं, अशी सगळ्यांची समजूत. पुढे भांडण होऊन करार तुटला. रिन्युअलची आठवण गेली ती त्या इंजिनियरच्या मेलवर, आणि तो कधीच नोकरी सोडून गेला होता. एका सोमवारी वेबसाइट उघडेना. दुपारपर्यंत ग्राहकांचे फोन सुरू झाले, ‘तुम्हाला मेलवर पाठवलेली पीओ (खरेदीची ऑर्डर) परत येतेय.’ रजिस्ट्रारचं, म्हणजे डोमेन विकणाऱ्या कंपनीचं, उत्तर एकच, रेकॉर्डवर ज्याचं नाव आहे त्याच्याशीच बोलू. बिलांची फाइल टेबलावर होती, पण रेकॉर्डवर कंपनीचं नाव कुठेच नव्हतं. ज्याच्याशी भांडले त्याच्याच दारात जावं लागलं, आणि तोवर ६ दिवस मेल बंद.

डॉट कॉम डोमेनची मुदत संपली की आधी रजिस्ट्रारची सवलतीची मुदत असते, मग ३० दिवसांचा रिडेम्प्शन काळ. त्यात डोमेन सोडवून घ्यायला नेहमीच्या फीच्या कितीतरी पट पैसे पडतात. त्यानंतर ५ दिवसांनी ते कुणालाही घेता येतं.

म्हणून आज, व्हेंडरशी संबंध गोड असताना, डोमेन कुणाच्या खात्यात आहे ते विचारा. कंपनीच्या नावाने त्याच रजिस्ट्रारकडे खातं उघडा आणि डोमेन त्यात सरकवून घ्या. रजिस्ट्रारच बदलायची घाई नको; मालकाचं नाव बदलल्यावर किंवा ट्रान्सफर झाल्यावर बरेच रजिस्ट्रार ६० दिवस डोमेन लॉक ठेवतात. खात्याचा ईमेल त्याच डोमेनवरचा ठेवू नका. डोमेन बंद पडलं की पासवर्ड रीसेटचा मेलही तुमच्यापर्यंत पोचणार नाही. आणि काहीही हलवण्याआधी डीएनएसमधल्या, म्हणजे डोमेनची मेल आणि वेबसाइट कुठे जाते ते सांगणाऱ्या, सगळ्या नोंदी उतरवून घ्या: मेलसाठीच्या एमएक्स, एसपीएफ, डीकिम, आणि वेबसाइटचा आयपी. काही रजिस्ट्रारकडे डोमेन गेलं की जुन्याकडचं डीएनएस पुसलं जातं, आणि मेल का येत नाही हे शोधण्यात दिवस जातो.

चुकीची तारीख

७ तारखेला टीडीएस भरायचा, ११ ला जीएसटीचं जीएसटीआर-१ रिटर्न, २० ला जीएसटीआर-३बी. या दिवसांच्या आसपास सर्व्हरला हात लावू देणाऱ्या मालकाने आधी अकाउंटंटला विचारावं. २१ नंतरचा एखादा शनिवार बरा, पण पगाराच्या आधीचा. मार्च नको. गणपतीचा आठवडा तर अजिबात नको. अर्धा स्टाफ कोकणात असतो आणि कुठलं काम बंद पडलंय हे सांगायलाच कुणी नसतं.

एका रात्रीत सगळे पासवर्ड बदलणं

नवीन व्हेंडर उत्साहात येतो, जुन्या इंजिनियरचं ॲडमिन खातं डिलीट करतो आणि ‘सिक्युअर केलं’ म्हणून सांगतो. सकाळी सगळं चालू असतं, म्हणून कुणाला शंकाही येत नाही. पण रात्री २ वाजताचा टॅलीचा (हिशोबाच्या सॉफ्टवेअरचा) बॅकअप टास्क शेड्युलरमधून, म्हणजे ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणाऱ्या विंडोजच्या सोयीतून, त्याच खात्यावर चालत असतो. तो त्या रात्रीपासून बंद पडतो. एररचा मेल जात असेलच तर जुन्या व्हेंडरला. महिना-दीड महिन्याने हार्डडिस्क गेली की मग कळतं, शेवटचा बॅकअप बदलाच्या आदल्या रात्रीचा आहे.

यावर एकच सवय लावून घ्या. पासवर्ड बदलण्याआधी सर्व्हरवर बसून दोन ठिकाणं बघा. सर्व्हिसेसच्या यादीत ‘लॉग ऑन ॲज’ हा रकाना, आणि टास्क शेड्युलरमध्ये प्रत्येक टास्क कुठल्या युजरवर चालतो ते. जिथे माणसाचं नाव दिसेल तिथे बॅकअपसाठी वेगळं खातं करून लावा. प्रिंटरचं स्कॅनिंगही विसरू नका. स्कॅन फोल्डरमध्ये जाण्यासाठी मशीनच्या ॲड्रेस बुकात विंडोजचा युजर-पासवर्ड साठवलेला असतो, आणि तो बहुतेक वेळा जुन्या इंजिनियरचाच निघतो. जुनं खातं फक्त डिसेबल करा, ३० दिवस डिलीट करू नका. काही अडकलं तर एका क्लिकवर परत सुरू करता येतं. एका रात्रीत सगळं स्वच्छ करून देतो म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नये, असं आमचं ठाम मत आहे.

एक महिन्याचे पैसे वाचवणं

दोन्ही व्हेंडर महिनाभर एकत्र ठेवा. दुप्पट एएमसी टोचते, कबूल, पण कुठली केबल कुठल्या स्विचला जाते हे जुन्या इंजिनियरच्या डोक्यातच असतं. त्याचं जुनं बिल आधी चुकतं करा. शेवटच्या महिन्याचं बिल हँडओव्हरच्या यादीवर दोघांच्या सह्या झाल्यावर द्यायचं, हे लेखी ठरवा. जुने पैसे अडवून पासवर्ड मागणं म्हणजे उगाच वैर घेणं.

बाकीच्या चुका, थोडक्यात

गूगल किंवा मायक्रोसॉफ्टच्या मुख्य ॲडमिनचा ओटीपी इंजिनियरच्या मोबाइलवर येतो. कंपनीच्या नावाचं सिम घ्या आणि दुसरा ॲडमिन मालकाचा ठेवा.

मायक्रोसॉफ्टची लायसन्स व्हेंडरमार्फत घेतली असतील तर ती त्याच्या बिलिंगवर चालतात. नवीन पार्टनरकडे (मायक्रोसॉफ्टची लायसन्स विकणाऱ्या नव्या व्हेंडरकडे) आल्याशिवाय जुनी बंद करायला सांगू नका. नंतर ॲडमिन सेंटरमधून जुन्या पार्टनरचे अधिकार काढा. करार संपला म्हणून ते आपोआप जात नाहीत.

टॅलीचं लायसन्स सरेंडर न करता, म्हणजे जुन्या मशीनवरून मोकळं न करता, सर्व्हर फॉरमॅट करू नका. लायसन्सला जोडलेला ईमेल कुणाचा आहे तेही तपासा.

लॅपटॉप इंजिनियरच्या मायक्रोसॉफ्ट खात्यावर सुरू केले असतील तर बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलपाची) ४८ आकडी रिकव्हरी की त्याच्याच खात्यात असू शकते. प्रत्येक लॅपटॉपची की छापून कपाटात ठेवा.

फायरवॉलची कॉन्फिगरेशन फाइल, स्टॅटिक आयपीचा तपशील, इंटरनेटवाल्याकडे नोंदवलेला मोबाइल, अँटिव्हायरस काढायचा पासवर्ड, सीसीटीव्हीच्या डीव्हीआरचा पासवर्ड: हे सगळं यादीत हवं, आणि प्रत्येक पासवर्ड तुमच्यासमोर टाकून चालतो का ते बघायला हवं. कागदावर लिहून दिलेला पासवर्ड चुकीचा निघतो, तेव्हा तो देणारा फोन उचलत नसतो.

एनीडेस्कचा (दुरून मशीन चालवायच्या सॉफ्टवेअरचा) कायमचा ॲक्सेस आणि बाहेरून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये येणारे व्हीपीएनचे जुने युजर शेवटच्या दिवशीच काढा, त्याआधी नको.

बॅकअप ‘आहे’ यावर समाधान मानणं

बदलाच्या आधी एकदा आणि नंतरच्या सोमवारी एकदा बॅकअप वेगळ्या मशीनवर परत चढवून बघा. टॅलीची कंपनी उघडा, शनिवारी शेवटी टाकलेलं व्हाउचर अकाउंटंटला दाखवा आणि आकडा जुळतो का ते त्यालाच सांगू द्या. बॅकअपला एन्क्रिप्शन (कुलूप) असेल तर त्याचा पासफ्रेज, म्हणजे लांब पासवर्ड, जुना व्हेंडर जाण्याआधीच मागून घ्या. तो हरवला तर फाइल समोर असूनही उघडत नाही. नवीन व्हेंडरला पहिल्याच दिवशी सांगून ठेवा, बॅकअपचा रोजचा मेल अकाउंटंटलाही आला पाहिजे. ज्या दिवशी तो येणार नाही, त्या दिवशी अकाउंटंट ११ वाजायच्या आत फोन करेल.