थायरॉइड आहे आणि वजन उतरत नाही? मग या चुका टाळा

गोळी सुरू झाली की वजन आपोआप उतरेल, अशी माझी पक्की समजूत होती. निदान झालं तेव्हा टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन; थायरॉइड मंदावलं की ते वाढतं, थायरॉइड हार्मोन जास्त झालं की घटतं) ११ च्या पुढे होता, चेहऱ्यावर सूज होती, सकाळी उठताना हातपाय शिशासारखे जड वाटायचे आणि वर्षभरात वजन ९ किलोंनी वाढलं होतं. लेव्होथायरॉक्सिनची, म्हणजे कमी पडलेलं थायरॉइड हार्मोन भरून काढणारी, ७५ मायक्रोग्रॅमची गोळी चालू झाली. तीन-चार महिन्यांत टीएसएच जागेवर आला, सूज उतरली, सारखी वाजणारी थंडी गेली. वजन मात्र अडीच किलो उतरलं आणि तिथेच अडून बसलं. उरलेले साडेसहा किलो घालवायच्या नादात पुढची दोन-अडीच वर्षं मी एकामागून एक चुका केल्या. त्याच चुका आता ओळखीतल्या कितीतरी जणी करताना दिसतात आणि दर वेळी जीव तुटतो.

इथे मी मुख्यतः थायरॉइड कमी काम करतं त्याबद्दल, म्हणजे हायपोथायरॉइडिझमबद्दल बोलते आहे. ज्यांचं थायरॉइड जास्त काम करतं त्यांच्यासाठीही एक मुद्दा पुढे आहे.

सगळं वजन थायरॉइडच्या खात्यावर टाकू नका

थायरॉइड मंदावलं की बसल्या जागी होणारा ऊर्जेचा खर्च घटतो, हे खरं. पण त्यामुळे वाढणारं वजन बहुतेकांत साधारण २ ते ५ किलो असतं आणि त्यातही बराचसा भाग मीठ आणि पाण्याचा असतो. थायरॉइड हार्मोन कमी पडलं की त्वचेखाली पाणी धरून ठेवणारे पदार्थ साठतात. सकाळी डोळ्यांभोवती दिसणारी फुगीर सूज येते ती त्यामुळेच. गोळी लागू पडली की हे पाणी निघून जातं आणि पहिले दोन-तीन किलो भराभर उतरतात. तेवढ्याने आशा लागते. मग काटा थांबतो आणि वाटतं, गोळी काम करेनाशी झाली. गोळीने तिचं काम केलेलं असतं.

मग माझे बाकीचे किलो आले कुठून? थकव्यातून. कामावरून आले की मी आडवी व्हायची. चालणं बंद झालं होतं, रात्रीची झोप धड नव्हती आणि दिवसा डोळे उघडे ठेवायला काहीतरी गोड तोंडात टाकायची सवय लागली होती. टीएसएच नॉर्मल झाला तरी ही सवय तशीच राहिली. हे लक्षात आलं तेव्हा आधी रडू आलं, मग हायसं वाटलं. त्या साडेसहा किलोंवर निदान माझ्या हातात काही करण्यासारखं होतं.

कधी कधी गाडी उलटीही असते. वजन जास्त असल्यामुळेच टीएसएच किंचित चढतो आणि वजन उतरलं की खाली येतो. त्यामुळे टीएसएच ५-६ आणि फ्री टी४ (रक्तात मोकळं असलेलं थायरॉइड हार्मोन) नॉर्मल असेल, तर 'गोळी द्या म्हणजे मी बारीक होईन' असा हट्ट डॉक्टरांकडे धरू नका.

गोळी घ्यायची पद्धत आधी तपासा

वजनाचा विचार करण्याआधी ही गोष्ट बघा, कारण इथे गडबड असेल तर पुढचं सगळं फुकट जातं.

माझ्या गोळ्यांच्या डबीत आठवड्याचे सात खण होते. वर्षभराने हाडांसाठी कॅल्शियम आणि रक्तासाठी लोहाची गोळी सुरू झाली, तेव्हा मी मोठ्या टापटिपीने तिन्ही गोळ्या एकाच खणात भरल्या आणि रोज सकाळी चहाच्या घोटाबरोबर एकदम घ्यायला लागले. टीएसएच परत ७ वर गेला. डोस ७५ चा १०० झाला, मग १२५ झाला. नवीन डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला ठेवून विचारलं, "सकाळी उठल्यापासून गोळी कशी घेता, ते क्रमाने सांगा." मी सांगितलं आणि त्यांनी डोक्याला हात लावला.

कॅल्शियम आणि लोह आतड्यात लेव्होथायरॉक्सिनला धरून ठेवतात, ते रक्तात पोहोचू देत नाहीत. कॉफीमुळेही शोषण कमी होतं. म्हणून गोळी अनशापोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि त्यानंतर अर्धा ते एक तास चहा, कॉफी, नाश्ता काही नाही. कॅल्शियम, लोह, मल्टिव्हिटॅमिन आणि बरीचशी अँटासिड किमान चार तासांच्या अंतराने. ॲसिडिटीसाठी रोज गोळी चालू असेल तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला, पोटातलं आम्ल कमी झालं की या गोळीचं शोषणही कमी होऊ शकतं. सकाळ फार धावपळीची असेल तर शेवटच्या जेवणानंतर तीन तासांनी, झोपताना घेतली तरी चालते. वेळ कुठलीही निवडा, रोज तीच ठेवा. मी आता गोळी आणि पाण्याचा पेला उशाशीच ठेवते. गजर झाला की आधी गोळी, मग बाकीचं जग.

डबीचा मोह मात्र सोडा. या गोळीला ऊन, ओल आणि उजेड सोसत नाही, ती मूळच्या पाकिटातच बरी. आणि कंपनी बदलली तर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच एकदा बघून घ्या.

दर पंधरा दिवसांनी रक्त तपासू नका

या औषधाचं अर्धं प्रमाण शरीरातून निघायला साधारण सात दिवस लागतात. डोस बदलल्यावर रक्तातली पातळी स्थिरावायला पाच-सहा आठवडे जातात आणि म्हणूनच पुढची तपासणी सहा ते आठ आठवड्यांनी करतात. पंधरा दिवसांनी काढलेल्या आकड्यावर घाबरून डोस हलवला की झोका सुरू होतो, एकदा वर, एकदा खाली.

केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर इकडे लक्ष द्या. बायोटिन काही यंत्रांवरच्या तपासण्यांना फसवतं. टीएसएच खोटाच कमी आणि टी३, टी४ ही थायरॉइडची दोन हार्मोन्स खोटीच जास्त दिसू शकतात. रिपोर्ट बघून कुणी डोस कमी केला तर मूळ आजार डोकं वर काढतो. रक्त देण्याआधी निदान दोन दिवस बायोटिन बंद ठेवा, डोस मोठा असेल तर किती दिवस ते डॉक्टरांना विचारा.

'थोडी जास्त गोळी घेतली तर?'

नको. अजिबात नको. हा विचार माझ्याही मनात आला होता म्हणून इतक्या कळकळीने सांगते. गरजेपेक्षा जास्त हार्मोन घेतलं की उतरणाऱ्या वजनात स्नायूही जातात, आणि हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा धोका वाढतो. हाडंही झिजतात, पाळी गेलेल्या बायकांची तर जास्तच. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, या औषधाच्या माहितीपत्रकावर चौकटीत इशारा छापायला लावला आहे की लठ्ठपणा किंवा वजन कमी करण्यासाठी ते वापरू नये आणि मोठ्या डोसने जिवावर बेतू शकतं. 'थायरॉइड सपोर्ट' म्हणून विकल्या जाणाऱ्या काही पूरक गोळ्यांत प्रत्यक्ष थायरॉइड हार्मोन सापडलेलं आहे, तेव्हा त्याही डॉक्टरांना न विचारता घेऊ नका.

उपासमार करून थायरॉइडला अजून मंद करू नका

एका उन्हाळ्यात मी दिवसाला जेमतेम ८०० कॅलरी खायचं ठरवलं. पहिल्या आठवड्यात दोन किलो गेले. तिसऱ्या आठवड्यात भर उन्हाळ्यात पायांची बोटं गार पडायला लागली, पोट साफ होईना, फणीत केसांचा पुंजका यायला लागला. मला वाटलं टीएसएच बिघडला. तपासला तर नॉर्मल.

झालं होतं ते असं. गोळीतून मिळतो तो टी४, हा साठ्यातला माल. पेशींवर खरं काम करतो टी३. शरीर गरजेप्रमाणे टी४ चा टी३ करून घेतं. अन्न फारच तुटलं की शरीर हे रूपांतर कमी करतं आणि टी४ चा बराच भाग काम न करणाऱ्या रिव्हर्स टी३ कडे वळवतं. दुष्काळात खर्च आवरावा तसा हा शरीराचा शहाणपणा आहे. चांगल्या थायरॉइडच्या माणसातही हेच होतं. फरक इतकाच की आपण आधीच थकलेले असतो, म्हणून त्याचा तडाखा जास्त जाणवतो.

त्यापेक्षा रोजच्या गरजेतून ३०० ते ५०० कॅलरी कमी करा, त्याहून जास्त ओढू नका. प्रत्येक जेवणात प्रथिनं असू द्या, त्याने पोट भरल्यासारखं राहतं आणि स्नायू टिकतात. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर प्रथिनांचं प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवा. आठवड्याला पाव ते अर्धा किलो उतरलं तर ते उत्तम चाललंय असं समजा. हा वेग मनाला पटायला मला वर्ष लागलं.

पानातले अर्धे पदार्थ घाबरून काढून टाकू नका

कोबी, फ्लॉवर, ब्रोकोली यांची धास्ती कुणी घातली असेल तर ती सोडा. शिजवून, रोजच्या प्रमाणात खाल्ल्यास काही बिघडत नाही. सोया चालतो, फक्त गोळीच्या वेळेपासून लांब. ग्लूटेन (गव्हातलं प्रथिन) बंद करायचं ते सीलिएक आजार, म्हणजे ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होते तो आजार, असेल तर. हाशिमोटो या थायरॉइडच्या आजाराच्या रुग्णांत तो इतरांपेक्षा जास्त आढळतो, तेव्हा पोटाच्या तक्रारी असतील तर तपासून घ्या, पण आधी तपासणी आणि मग पथ्य. आधीच ग्लूटेन सोडलं तर तपासणी खोटी नकारात्मक येऊ शकते.

आयोडीनच्या बाबतीत मात्र मी जरा कडक आहे. मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम पुरतं. 'थायरॉइडला आयोडीन लागतं' एवढं अर्धवट ऐकून समुद्री शेवाळाच्या गोळ्या सुरू करणारे लोक भेटतात. हाशिमोटोमध्ये शरीराची प्रतिकारशक्तीच ग्रंथीवर हल्ला करत असते. जपानी डॉक्टर हाकारू हाशिमोटो यांनी १९१२ मध्ये त्याचं वर्णन केलं, म्हणून हे नाव. अशा ग्रंथीवर जादा आयोडीनचा मारा केला तर ती आणखी मंदावू शकते.

व्यायामाची घाई आणि काट्याची रोजची परीक्षा

टीएसएच चढलेला असताना स्नायू दुखतात, गोळे येतात, जिने चढताना दम लागतो. तो आळस नसतो. त्या काळात दहा-दहा मिनिटं चाला, तेवढं पुरे. टीएसएच आवाक्यात आला की हळूहळू आठवड्याला १५० मिनिटांपर्यंत न्या आणि आठवड्यातून दोनदा तरी ताकदीचा व्यायाम करा. मी भिंतीला टेकून बैठका आणि पाण्याने भरलेल्या दोन बाटल्या, इतक्यावर सुरुवात केली होती.

रोज काट्यावर उभं राहायचंच असेल तर आठवड्याची सरासरी काढा. पाळीच्या आधी किंवा खारट खाल्ल्यावर एक-दीड किलो पाणी सहज वाढतं. एका दिवसाच्या आकड्यावर माझे कितीतरी दिवस वाईट गेले आहेत. कंबरेचा घेर महिन्यातून एकदा टेपने मोजा, तो जास्त खरं बोलतो.

टीएसएच नॉर्मल आहे, तरी काहीच हलत नाही

तीन-चार महिने सगळं नीट करूनही काटा ढिम्म असेल तर दुसरं कारण शोधायला हवं, आणि ते शोधायला सांगताना संकोचू नका. थायरॉइडच्या नावाखाली बाकीचे आजार लपतात. रक्तातलं लोह आणि बी१२ तपासून घ्या, कारण हाशिमोटोबरोबर बी१२ ची कमतरता येऊ शकते आणि मग चालायची ताकदच राहत नाही. मोठ्याने घोरत असाल, झोपेत श्वास अडकतो असं घरचे सांगत असतील, तर स्लीप ॲप्निया. पाळी अनियमित असेल तर पीसीओएस (अंडाशयाशी संबंधित हार्मोनचा विकार). स्टेरॉइड किंवा नैराश्यावरची काही औषधं चालू असतील तर त्यांनीही वजन वाढतं, पण ती मनाने बंद करू नका.

थायरॉइड जास्त काम करत होतं आणि औषधाने ते ताळ्यावर आलं, अशांचं वजन बहुधा वाढतं. आजारात भूक वाढलेली आणि खर्चही वाढलेला असतो. उपचाराने खर्च कमी होतो, ताटाची सवय तीच राहते. त्या काळात ताट मोजून वाढून घ्या, पण वजनाच्या भीतीने औषध सोडू नका. आणि गर्भधारणा झाली असेल तर वजन उतरवायचा बेत पूर्ण बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा, कारण गोळीची गरज लवकर वाढते.

वजन उतरायला लागलं की डोस विसरू नका

गोळीचा डोस बऱ्याच अंशी वजनावर ठरतो. ग्रंथी अजिबात काम करत नसेल तर किलोमागे साधारण १.६ मायक्रोग्रॅम धरतात. वजन बरंच उतरलं की जुना डोस जास्त होऊ शकतो. गोळीची वेळ सुधारल्यावर माझा टीएसएच एकदम ०.१ वर गेला होता आणि डोस १२५ वरून १०० वर आणावा लागला होता. नंतर दीड वर्षात आठ किलो उतरले, तेव्हा एका रात्री झोपेतून छातीत धडधड होऊन जाग आली. हात हलके थरथरत होते. यावेळी मी अंदाज बांधत बसले नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी गोळी न घेता आधी रक्त दिलं. टीएसएच ०.२. डॉक्टरांनी डोस ८८ वर आणला. आठ आठवड्यांनी परत तपासलं तेव्हा आकडा २.१ होता आणि धडधड थांबली होती.