स्टिरिओला सबवूफर जोडताना: आधी जागा, गेन शेवटी

सबवूफर (फक्त खालचे, खर्जातले सूर वाजवणारा वेगळा स्पीकर) घरी आला की पहिला हात जातो तो गेनच्या, म्हणजे त्याचा आवाज कमी-जास्त करणाऱ्या, नॉबकडे. दोन दिवस मजा येते, मग जाणवतं की गायकाचा आवाज कोपऱ्यातून येतोय आणि तबल्याचा डग्गा पिंपासारखा वाजतोय. क्रम उलटा झाला की असंच होतं. आधी जागा, मग क्रॉसओव्हर (कुठल्या सुराखालचं काम सबने करायचं ती सीमा), मग फेज (सब आणि स्पीकर यांच्या लहरींचा मेळ) आणि सर्वांत शेवटी गेन. इथे उदाहरणाला घेतलाय १० बाय १२ फुटांचा हॉल, इंटिग्रेटेड अँप्लिफायर आणि पाच इंची वूफरचे बुकशेल्फ स्पीकर.

जोडणी सोपी आहे, पण एक चूक सर्रास होते. अँपच्या मागे 'सब आउट' किंवा 'प्री आउट' असेल तर तिथून आरसीए केबल घ्या. 'रेक आउट' किंवा 'टेप आउट'मधून घेऊ नका, कारण तिथला सिग्नल अँपच्या व्हॉल्यूमला जुमानत नाही. तुम्ही आवाज कमी कराल आणि सब तसाच धडधडत राहील. सब आउट, प्री आउट दोन्ही नसतील तर सबच्या हाय-लेव्हल इनपुटला अँपच्या स्पीकर टर्मिनलवरूनच समांतर वायर ओढता येते. या इनपुटचा रोध हजारो ओहममध्ये असल्याने अँपवर भार पडत नाही. मात्र ब्रिज्ड आउटपुटच्या अँपमध्ये (छोट्या क्लास डी अँपमध्ये हे बरेचदा असतं) काळं टर्मिनल ग्राउंड नसतं. तिथे सबची काळी वायर जोडली तर अँप जळू शकतो. आधी मॅन्युअल बघा. आणि काहीही जोडताना-काढताना दोन्ही उपकरणं बंद ठेवा.

आता जागा. वेळ इथेच घालवा, कारण खोलीने बिघडवलेला बास कुठल्याही नॉबने सुधारत नाही. ५६३ ला खोलीच्या लांबीच्या फुटांनी भागा: १२ फुटांना ४७ हर्ट्झ, १० फुटांना ५६ हर्ट्झ. या सुरांना खोली स्वतःच घुमते. भिंतीला पाठ लावून बसलात तर ते फुगतात, दोन भिंतींच्या बरोबर मध्ये बसलात तर गायब होतात. लांबी-रुंदी सारखी असलेली चौरस खोली सर्वांत वाईट, दोन्ही घुमारे एकाच सुरावर येऊन बसतात.

उपाय जरा हास्यास्पद दिसतो, पण अचूक आहे. सब उचलून तुमच्या बसायच्या जागेवर, चक्क सोफ्यावर ठेवा. वर-खाली फिरणारी बास गिटार असलेलं गाणं लावा आणि भिंतीकडेने रांगत जा, कान जमिनीपासून फूटभर. एका ठिकाणी एकच सूर बुंगऽऽ करून उसळेल, दोन फूट पुढे तोच सूर विरून जाईल. जिथे सगळे सूर साधारण सारख्या जोराने येतात, तिथे सब ठेवा. ध्वनीला दोन्ही दिशा सारख्याच असतात, म्हणून ही अदलाबदल चालते. कोपऱ्यात बास सर्वांत जास्त मिळतो आणि सर्वांत जास्त घुमतोही. सोफा भिंतीला टेकलेला असेल तर दीड फूट पुढे ओढून बघा. एवढ्यानेही फरक पडतो.

क्रॉसओव्हरसाठी स्पीकरच्या कागदावर फ्रिक्वेन्सीचा खालचा आकडा बघा. ५५ हर्ट्झ लिहिलं असेल तर नॉब ६० च्या आसपास ठेवून सुरुवात करा. स्पीकर भिंतीजवळ असतील तर त्यांचा बास वाढलेला असतो, आणखी खाली या. नॉबवरच्या आकड्यांवर फार विश्वास नको, ते ढोबळ असतात. पुरुष गायकाचा आवाज सबमधून ऐकू आला की क्रॉसओव्हर वर गेलाय. एव्ही रिसीव्हर (होम थिएटरचा अँप) वापरत असाल तर स्पीकर 'स्मॉल' आणि क्रॉसओव्हर ८० करा, पण मग सबचा स्वतःचा नॉब कमालीवर न्या किंवा एलएफई इनपुट (सबचा स्वतःचा फिल्टर टाळणारा) वापरा. दोन्ही फिल्टर एकावर एक बसले की मधला भाग पोकळ होतो.

फेजला बहुतेक लोक हातच लावत नाहीत. क्रॉसओव्हरच्याच आकड्याचा, म्हणजे इथे ६० हर्ट्झचा, टोन (एकच सलग सूर) लावा. बसायच्या जागी एकाने बसायचं, दुसऱ्याने ० आणि १८० मध्ये स्विच फिरवायचा. ज्या बाजूला आवाज जास्त, ती बरोबर. ० ते १८० फिरणारा नॉब असेल तर उलट युक्ती करा: अँप बंद करून दोन्ही मुख्य स्पीकरवर लाल आणि काळ्या वायरींची अदलाबदल करा, अँप चालू करा, टोन सर्वांत बारीक होईल तिथे नॉब थांबवा, मग अँप बंद करून वायरी पूर्ववत जोडा. कमाल शोधण्यापेक्षा किमान शोधणं कानाला सोपं जातं.

आता गेन. नेहमीच्या व्हॉल्यूमवर डग्गा स्पष्ट असलेलं रेकॉर्डिंग लावा, गेन शून्यावरून हळूहळू वाढवा. सब 'वाजतोय' असं जाणवताच किंचित मागे या. डग्ग्यावरची मींड सलग ऐकू यायला हवी. मध्येच एखादा सूर उडी मारत असेल तर दोष जागेचा आहे, परत रांगायला लागा.

घूंऽऽ असा आवाज येत असेल तर सबमागची आरसीए काढून बघा. थांबला तर ग्राउंड लूप (उपकरणांच्या अर्थिंगमधून फिरणारा नको असलेला प्रवाह). अँप आणि सब एकाच बोर्डात लावा, सेट-टॉप बॉक्सची केबल काढून पाहा. बऱ्याचदा गुन्हेगार तीच असते. तरीही राहिला तर आरसीएच्या मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर टाका. प्लगची अर्थिंगची पिन मात्र कापू नका, शॉक बसू शकतो.

३० ते १०० हर्ट्झचा स्वीप (खालून वर सरकत जाणारा सूर) लावून घरभर फिरा. स्लायडिंग खिडकी, लोखंडी कपाटाचं दार, शोकेसमधल्या बशा: खडखडणाऱ्या प्रत्येक ठिकाणी फेल्टची चकती. सबखाली जाड रबरी मॅट टाकली की खालच्या मजल्यावर जाणारी धडधडही थोडी कमी होते.

रात्री हळू आवाजात ऐकताना सब मध्येच गप्प होत असेल तर तो ऑटो स्टँडबायमध्ये जातोय, सिग्नल त्याला जागं करायला पुरत नाही. स्विच 'ऑन'वर ठेवा आणि झोपताना बोर्डावरूनच बंद करा.