इलास्टिकसर्च स्वतः चालवताय? डिस्क, शार्ड आणि रीस्टार्टचं काय करायचं

इलास्टिकसर्च (मोठ्या डेटात भराभर शोधून देणारं सर्च इंजिन) उभं करायला एक दुपार पुरते. आमच्या नागपूरच्या आयटी पार्कातल्या ऑफिसात एका पोट्ट्याने सकाळी तर्री पोहे खाल्ले अन जेवणाच्या सुट्टीआधी तीन नोड (इलास्टिकसर्च चालवणारे सर्व्हर, सगळे मिळून एक क्लस्टर) चालू करून दाखवले, सगळे खूश. खरं काम नंतर सुरू होतं भाऊ, आणि ते बहुतेक वेळा रात्रीच येतं.

पहिले डिस्क बघा. डिफॉल्ट सेटिंगमध्ये तीन रेषा असतात: नोडची डिस्क 85 टक्के भरली की तिथे शार्ड (इंडेक्सचा, म्हणजे डेटाच्या साठ्याचा, एक तुकडा) द्यायला क्लस्टर हात आखडता घेतो, 90 ला असलेले शार्ड दुसरीकडे हलवायला लागतो, आणि 95 ला त्या नोडवर ज्या ज्या इंडेक्सचा शार्ड आहे तो इंडेक्स रीड-ओन्ली होतो, म्हणजे वाचता येतं पण नवीन लिहिता येत नाही. आमचं हेच झालं. लॉग आणि प्रॉडक्ट सर्च एकाच क्लस्टरवर ठेवले होते (चूक आमचीच), लॉगनी डिस्क खाल्ली, सर्च मात्र मस्त चालू, त्यामुळे कोणाला काहीच कळलं नाही, सकाळी दुकानवाल्याचा फोन की नवीन भाव काहून दिसून नाही राहिले.

मग अलार्म कितीवर लावायचा? 80 वर लावाल तर उशीर झाला. हिशोब करा, तीन नोड, प्रत्येक 60 टक्के भरलेला, एक मेला तर त्याचा माल उरलेल्या दोघांवर येणार म्हणजे 90 टक्के, पण 85 लाच रेषा आहे, म्हणजे सगळे रेप्लिका (शार्डच्या जादा कॉप्या) बसणारच नाहीत आणि क्लस्टर पिवळाच (काही कॉप्या कमी) राहील. म्हणून तीन नोडवाल्यांनी 55 च्या आसपासच जागं व्हायचं. मॅनेजरला हे पटत नाही, अर्धी डिस्क रिकामी ठेवायला पैसे काहून द्यायचे म्हणतो. त्याला हाच हिशोब कागदावर दाखवा.

आणि डिस्क भरलीच तर डेटा फोल्डरमध्ये जाऊन हाताने फाइली उडवू नका. जुना इंडेक्स एपीआयने डिलीट करा. 7.4 पासून डिस्क 90 च्या खाली आली की रीड-ओन्लीचं कुलूप आपोआप निघतं, त्याआधीच्या व्हर्जनला हाताने काढावं लागतं.

शार्डचं दुखणं हळू हळू येतं. 7.0 च्या आधी नवीन इंडेक्सला डिफॉल्ट 5 प्रायमरी (मूळ) शार्ड मिळायचे, आता 1. आमच्या जुन्या टेम्प्लेटमध्ये 5 तसेच राहिले होते, वर एक रेप्लिका, म्हणजे लॉगच्या रोजच्या इंडेक्सला 10 शार्ड. एका नोडमागे 1000 ची मर्यादा, तीन नोडचे 3000, तीनशे दिवसात खेळ खलास, नवीन इंडेक्स बनतच नाही. रोज नवा इंडेक्स काढण्यापेक्षा साइझवर रोलओव्हर करा (ठरलेली साइझ भरली की मगच नवा इंडेक्स), एक शार्ड 10 ते 50 जीबीच्या मध्ये ठेवा, आणि जुनं उडवायचं काम लाइफसायकल पॉलिसीवर सोडा.

हीप, म्हणजे जावाला दिलेली मेमरी, रॅमच्या निम्म्यापेक्षा जास्त नको, आणि 32 जीबीच्या खालीच. उरलेली रॅम वाया जात नाही, ल्युसीन (इलास्टिकसर्चच्या आतली सर्च लायब्ररी) ती फाइल कॅशसाठी वापरतं.

रीस्टार्ट करताना घाई नको. नोड गेला की क्लस्टर डिफॉल्टने एक मिनिट वाट बघतो आणि मग रेप्लिका दुसरीकडे बनवायला घेतो, तुमचा नोड दोन मिनिटात परत आला तरी तोवर शेकडो जीबीची पळापळ सुरू झालेली असते. म्हणून आधी अलोकेशन (शार्ड नोडवर बसवणं) फक्त प्रायमरीपुरतं ठेवा, फ्लश मारा (मेमरीतलं डिस्कवर लिहा), एक नोड रीस्टार्ट करा, तो परत जॉइन झाला की अलोकेशन पूर्ण चालू करा, आणि क्लस्टर हिरवा होईपर्यंत दुसऱ्या नोडला हात लावू नका. आम्ही एकदा पिवळ्यावरच दुसरा नोड बंद केला आणि क्लस्टर लाल. लाल म्हणजे कुठला तरी प्रायमरीच गायब. अशा वेळी अंदाज लावत बसू नका, अलोकेशन एक्सप्लेन एपीआयला विचारा, शार्ड का बसत नाही ते तो बऱ्यापैकी साफ सांगतो.

रेप्लिका हा बॅकअप नाही. इंडेक्स चुकून डिलीट झाला तर रेप्लिकाही त्याच सेकंदाला जातो. स्नॅपशॉट घ्या, आणि महिन्यातून एकदा दुसऱ्या मशीनवर रिस्टोर करून बघा.

अजून एक, गिऱ्हाईक 'संत्रा' लिहितं, 'संत्री' लिहितं, मग अ‍ॅनालायझर बदलावा लागतो (शब्द कसे तोडायचे-जुळवायचे ते तोच ठरवतो), म्हणजे पूर्ण रीइंडेक्स (सगळा डेटा नव्या इंडेक्सात परत भरणं), म्हणजे तेवढ्या वेळापुरती जवळपास दुप्पट जागा. अ‍ॅप्लिकेशनला इंडेक्सचं नाव न देता पहिल्या दिवसापासून एलियास (टोपणनाव) द्या, नवीन तयार झाला की एलियास फिरवायचा, बस.

आणि माल लाख-दोन लाख रेकॉर्डचाच असेल तर आधी पोस्टग्रेस डेटाबेसचा फुल टेक्स्ट सर्च लावून बघा. आमच्या दुसऱ्या प्रोजेक्टला तोच लावलाय, त्यासाठी अजून कोणी रात्री उठवलेलं नाही.