ब्लॉकचेनवर साधी माणसं लिहिती करायचीत? मग या चुका टाळा

परभणीत आम्ही दहा-बारा जणांना ब्लॉकचेनवर, म्हणजे अनेक संगणकांवर एकाच वेळी जपल्या जाणाऱ्या नोंदींच्या साखळीवर, मराठी लिहायला बसवलं होतं. त्यात जिंतूरकडचे एक निवृत्त गुरुजी होते. खातं उघडताच मोबाइलवर ५२ अक्षरांचा पासवर्ड आला. गुरुजींनी चष्मा वर सरकवला. "सर, ह्ये पासवर्ड हाय का गाडीचा चेसिस नंबर?" सगळे हसले, मीही हसलो. त्यांनी तो कॅलेंडरच्या मागच्या पानावर उतरवून घेतला. दिवाळीच्या आवराआवरीत कॅलेंडर रद्दीत गेलं.

सगळ्यांत महागात पडणारी चूक हीच. स्टीम किंवा हाइव्हसारख्या लेखन करायच्या साखळीवर पासवर्ड हरवला तर नवा देणारं कुणी नसतं. त्या पासवर्डातून निघणाऱ्या चाव्या, म्हणजे वेगवेगळ्या कामांचे गुप्त कोड, चार: लिहायला आणि मत द्यायला (म्हणजे लेखाला पसंती द्यायला) पोस्टिंग, पैसे हलवायला ॲक्टिव्ह, खाजगी निरोपांना मेमो, आणि या सगळ्या बदलू शकणारी ओनर. नवख्याच्या हातात पहिल्याच मिनिटाला हा जुडगा देणं म्हणजे पाहुण्याला पाणी विचारायच्या आधी सातबारा दाखवणं. त्याला मोबाइल नंबर आणि ओटीपीवर आत घ्या. चाव्या सुरुवातीला तुम्ही सांभाळा. माणूस रुळला, खात्यात चार टोकन (साखळीवरची डिजिटल नाणी) जमले, की कागदावर दोन प्रती काढून त्याच्या ताब्यात द्या. 'चाव्या ज्याच्या त्याच्याच हातात हव्यात' म्हणणारे विकेंद्रीकरणवाले नाक मुरडतील. मुरडू द्या, त्यांना कुठं गुरुजींना फोनवर उत्तर द्यायचंय!

दुसरी चूक पैशाच्या आमिषाची. २०१६ साली स्टीमिट हे स्टीमवरचं संकेतस्थळ सुरू झालं तेव्हापासून 'लिहा आणि कमवा' हीच जाहिरात. पोस्टखाली डॉलर दिसतात खरे, पण हिशेब होतो ७ दिवसांनी, तोवर आकडा खाली-वर होत राहतो. त्यातला निम्मा वाटा मत देणाऱ्यांचा. ज्याच्याकडे टोकन जास्त, त्याच्या मताला वजन जास्त. हे वजन वाढवायला हाइव्हवर अडकवलेले टोकन पूर्ण मोकळे व्हायला १३ आठवडे लागतात. मोंढ्यात सोयाबीन घालून पट्टी घेऊन घरी येणाऱ्या माणसाला हे कसं समजावणार? त्यात आपल्याकडे असे टोकन विकून झालेल्या नफ्याला ३० टक्के कर. नवख्याला डॉलरचा आकडा दाखवूच नका. किती जणांनी वाचलं ते दाखवा.

तिसरा प्रकार हमखास घडतो: चार प्रतिक्रिया लिहिल्या की पाचवी जाईना. प्रत्येक कृतीला रिसोर्स क्रेडिट, म्हणजे साखळी वापरायचा कोटा, लागतं, आणि नव्या खात्यात ते नावालाच असतं. मोबाइलवर इंग्रजीत लांबलचक एरर येते, माणूस ॲप काढून टाकतो. नव्या खात्याला थोडं क्रेडिट उसनं द्या.

आणि 'डिलीट' हा शब्द जपून वापरा. पोस्ट दिसेनाशी झाली तरी जुना मजकूर साखळीत राहतोच. प्रसिद्ध करण्याआधी एकदा ठळक मराठीत विचारा: यात फोन नंबर, पत्ता नाही ना?

गुरुजींचे तीन लेख अजून तिथंच आहेत. एकाचं शीर्षक 'ज्वरीचा हुरडा'. टायपिंगमध्ये काना राहिला. "सर, तेवढा काना द्या की," म्हणून त्यांचा अजून फोन येतो.