फूल पांढरंच राहिलं? या चुका टाळा

विज्ञान प्रदर्शन जवळ आलं की नागपुरातली मुलं माझ्याकडे दोन तक्रारी घेऊन येतात. रंगीत पाण्यातलं फूल पांढरंच राहिलं, नाहीतर आयोडीन टाकल्यावर सगळं पान काळं पडलं. प्रयोग बरोबर असतात, घाई नडते.

पहिली चूक म्हणजे देठ हवेत कापणं. एका मार्चमध्ये दोन मुलींनी बर्डीच्या फूलबाजारातून पांढरी शेवंती आणली. देठ घरी कापले, पिशवीत घालून तासभर उन्हात फिरवले आणि मग निळ्या पाण्यात ठेवले. दुसऱ्या दिवशी पाकळीवर रंगाचा ठिपकाही नव्हता. त्यांनी आणखी रंग ओतला. हा उपाय सगळेच करतात आणि तो कधीच चालत नाही.

जलवाहिन्या म्हणजे मृत, पोकळ पेशींच्या नळ्या. पानांतून वाफ बाहेर जाते (हाच बाष्पोच्छ्वास), वरून ओढ बसते आणि पाण्याचा सलग धागा चढत राहतो. हे पाणी ताणलेलं असतं. देठ हवेत कापला की ते आत सरकतं, मागोमाग हवा शिरते आणि धागा तुटतो. मी बादलीत पाण्याखालीच देठ धरून टोक दोन-तीन सेंटिमीटर तिरकं कापायला लावलं. दुपारपर्यंत पाकळ्यांच्या कडांना निळ्या रेषा आल्या. तेव्हापासून कात्रीआधी बादली, हा माझ्या घरचा नियम आहे.

रंग खाण्याचाच घ्या, काही शाईंतले कण नळ्या बुजवतात. नीटनेटकं दिसावं म्हणून सगळी पानं खुडू नका, ओढ त्यांचीच असते. कूलरसमोर तर ठेवूच नका. ओल्या हवेत बाष्पोच्छ्वास मंदावतो, पंख्याखाली ठेवा.

आता पानाचं. उजेडात पान स्टार्च बनवतं आणि आयोडीनने स्टार्च काळा-निळा होतो, म्हणून पट्टीने झाकलेला भाग काळा पडायला नको. काळ्या कागदाची पट्टी लावली, पण कुंडी आधी अंधारात ठेवलीच नाही, तर पट्टीखालीही कालचा स्टार्च शिल्लक असतो. मी कुंडी पूर्ण दोन दिवस बंद कपाटात ठेवते. एका रात्रीत उरकतं असं सांगणाऱ्यांचं ऐकू नका. नंतर पट्टी लावून कुंडी सकाळपासून पाच-सहा तास उजेडात ठेवायची. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळिशी गाठतो तेव्हा भर दुपारचं ऊन टाळा. पाणी वाचवायला झाड पर्णरंध्रं, म्हणजे पानावरची बारीक छिद्रं, मिटतं, कार्बन डायऑक्साइड आत येत नाही आणि प्रकाशसंश्लेषण मंदावतं.

आयोडीनचा रंग दिसावा म्हणून पानातलं हरितद्रव्य, म्हणजे हिरवा रंग, काढताना स्पिरिट थेट आचेवर कधीही ठेवू नका, ते पेट घेतं. पाणी उकळा, आच विझवा, मग त्यात स्पिरिटची परीक्षानळी उभी करा. मोठं माणूस शेजारी हवंच.

पर्णरंध्रं बुजवण्याच्या प्रयोगात व्हॅसलीन फक्त पानाच्या वरच्या बाजूला फासून ‘फरक पडला नाही’ म्हणू नका. बहुतेक झाडांची पर्णरंध्रं खालच्या बाजूला जास्त असतात.

पावसाळ्यात तेरडा मिळाला तर शेवंतीपेक्षा तोच घ्या. त्याच्या अर्धपारदर्शक खोडातून रंग चढताना दिसतो. मुळांसकट हवा असेल तर ओढून उपटू नका, पाणी शोषणारे मूलरोम मातीतच तुटून राहतात. मातीचा गोळा बादलीत भिजवा आणि माती आपोआप सुटू द्या.